एक थेंबही न देता

पिंपळदरी (जळकोटजवळ)
२ सप्टेंबर १९८५

प्रिय माणिकप्पा,

सलाम.

तुझं पत्र फिरत फिरत परवा पोचलं. अजून तू माझ्या पत्त्यावर ‘जिल्हा उस्मानाबाद’ लिहितोस. अरे, लातूर जिल्हा होऊन तीन वर्षं झाली! पोस्टमनने पाकिटावर लाल शाईने ‘लातूर’ लिहिलं आणि मला दाखवून म्हणाला, "तुमच्या दोस्ताला इचारा, अजून किती दिवस जुन्या जिल्ह्यात ऱ्हाणार हाय?"

पावसाचं तुला काय सांगू, तुमच्या नायगावकडे वेगळं नसणार. मूग-उडीद गेले. आता जी काय आशा आहे ती शाळूची. आमची शेती सेवा म्हणजे काय ते तू बघितलंच आहेस: मिशनची आठ एकर जमीन, एक विहीर, एक डिझेल इंजिन, मी, आणि पाळकसाहेबांची प्रार्थना. मंडळीतली बावीस ख्रिस्ती घरं आणि गावातले लहान शेतकरी मिळून आम्ही उन्हाळ्यात बांध घातले. पण पाणीच नाही तर बांध अडवणार काय?

म्हणून एक नवं करून बघतोय. मे महिन्यात आमचा खर्च चालवणाऱ्या मुंबईच्या संस्थेने मला शिकायला पाठवलं होतं, तिथे कोरडवाहू शाळूची एक पद्धत पाहिली. ओळी लांब लांब ठेवायच्या, रोपं विरळ, आणि दोन ओळींमधल्या उघड्या जमिनीवर कडब्याचे तुकडे करून वीतभर थर अंथरायचा. काळ्या रानाला भेगा पडत नाहीत, ओल उडत नाही. पाण्याची गरजच राहत नाही. मी चर्चच्या मागच्या वीस गुंठ्यांत नमुन्याचं शेत करतोय. गावातले म्हणतात, आधी तुमचं बघू, मग आमचं.

तू करशील का? सात एकरांतलं एकच एकर. कडबा जाईल, मला माहीत आहे. पण कुणीतरी माझ्यावर विश्वास टाकून केल्याशिवाय हे पुढे सरकणार नाही.

नीलम्मावहिनींना मार्थाचा सलाम.

तुझा
आमोस

*

टाकळी (नायगावजवळ)
१४ सप्टेंबर १९८५

प्रिय आमोस,

शरणार्थ.

पाकिटावर ‘जिल्हा लातूर’ लिहिलंय. शाई बघ किती ठळक आहे. पोस्टमनला म्हणावं, माणिकप्पा नव्या जिल्ह्यात राहायला आला.

तुझं पत्र मी नीलम्माला वाचून दाखवलं. कडब्यापर्यंत आलो आणि तिने हातातलं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "रानाला कडबा घालायचा? आन लाल्या-पाखऱ्या काय भावजींची प्रार्थना खातेत का?" तिचंही खरं आहे. यंदा दारात एकच गंजी आहे. लाल कंधारी बैलांची जोडी तू पाहिलीस, दोघं मिळून किती खातात तेही पाहिलंस.

तरी करतो. सरकारी माणूस येऊन सांगतो तेव्हा मी मान हलवतो आणि घरी येतो. पण तू म्हणजे शेतकी शाळेत मास्तरांनी चुकून दिलेले चार गुण परत करायला गेलेला माणूस. चार गुणांत नापास झालास आणि वर खोलीवर येऊन मलाच भजी खायला घातलीस. तू पाण्याशिवाय पिकतं म्हणतोस तर पिकत असेल.

अर्धी गंजी रानात टाकतो. अर्धी जनावरांना. उन्हाळ्याचं उन्हाळ्यात बघू.

तुझा
माणिकप्पा

*

टाकळी
९ नोव्हेंबर १९८५

प्रिय आमोस,

शरणार्थ.

जरा घाईत लिहितोय. शाळू गुडघ्याच्या वर आला आणि थांबला. सकाळी दहा वाजताच पानांच्या सुरळ्या होतात. कडब्याच्या थराखाली हात घालून बघितलं, ओल आहेही आणि नाहीही.

गावाला करमणूक झाली आहे. महादेवप्पा पारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "माणिकप्पानं रानाला गोधडी पांघरली हाय. आता फकस्त उशी द्यायची ऱ्हायली." मीही हसतो. हसण्याचं काही नाही, पण मनात येतं की माझ्या हातून काहीतरी चुकलं असणार. पेरणी चार दिवस उशिरा झाली, तेच तर नडलं नसेल?

तुझं शेत कसं आहे? काय करू ते लगेच कळव.

माणिकप्पा

*

पिंपळदरी
१६ नोव्हेंबर १९८५

प्रिय माणिकप्पा,

सलाम.

घाबरू नकोस. माझा शाळू छातीला लागला आहे, पानं हिरवीगार आहेत. एक थेंबही न देता. तुझा थर पातळ पडला असणार. अर्ध्या गंजीत एक एकर नीट झाकलं जात नाही. आणखी कडबा टाक, एक कोळपणी दे, आणि धीर धर.

५ डिसेंबरला मुंबईहून संस्थेचे पाहुणे येणार आहेत. या भागातलं काम पुढे चालू ठेवायचं की नाही ते या भेटीवर ठरेल, असं पाळकसाहेब म्हणतात. त्यामुळे धावपळ आहे. जास्त लिहीत नाही.

तुझा
आमोस

*

पिंपळदरी
८ डिसेंबर १९८५

प्रिय माणिकप्पा,

सलाम.

पाहुणे येऊन गेले. गाडीतून उतरले तेव्हा चारी बाजूंना करपलेली रानं आणि मध्ये माझे वीस गुंठे. एक बाई तर शेतात जाऊन उभ्याच राहिल्या. फोटो काढले. संस्थेच्या मासिकात छापणार आहेत. आणखी तीन वर्षं काम चालू राहणार, हातपंपही मिळणार. पाळकसाहेबांनी सर्वांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली.

गावातल्या आठ जणांनी पुढच्या रब्बीसाठी नावं दिली आहेत.

तुझं कसं चाललंय? महिनाभर पत्र नाही.

आमोस

*

टाकळी
२२ डिसेंबर १९८५

प्रिय आमोस,

शरणार्थ.

तुझं अभिनंदन. मासिक आलं की एक प्रत मला पाठव, महादेवप्पाच्या नाकासमोर धरायची आहे.

माझं काही झालं नाही. तू सांगितलंस तशी उरलेली अर्धी गंजीही टाकली, कोळपणी दिली. पण कणसं पोटातच राहिली. परवा सगळं उपटलं. ताटं बोटाएवढी, त्यांना चारा तरी कसं म्हणायचं. रानातला कडबा गोळा करायला गेलो तर त्याला वाळवी लागलेली.

आमोस, मला तुझी लाज वाटते. म्हणजे तुझ्यामुळे नाही, तुझ्यासमोर. तू भरवसा ठेवून एका माणसाला सांगितलंस आणि त्याने ते नीट केलं नाही. तुझं पिकतं आणि माझं नाही, तर चूक माझीच ना? मी हिशेब लावून बघितला: पेरणी उशिरा, थर पातळ, पहिली कोळपणी तापात असताना केली तीही वरवर. गावात कुणी विचारलं तर मी हेच सांगतो. तुझ्या पद्धतीला नाव ठेवू देत नाही.

मार्थावहिनींना, मुलांना नाताळच्या शुभेच्छा.

माणिकप्पा

*

(हे पत्र टाकलेलं नाही.)

पिंपळदरी
२७ डिसेंबर १९८५

माणिकप्पा,

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही, हे लिहितानाच मला माहीत आहे. तरी लिहितोय, कारण कुठेतरी लिहायला हवं.

मी पाणी दिलं होतं. दोनदा. एकदा १२ नोव्हेंबरला आणि एकदा २७ला. माझा शाळूही तुझ्यासारखाच थांबला होता, पानांच्या तशाच सुरळ्या झाल्या होत्या. सगळं गाव रोजगार हमीच्या तलावावर गेलं होतं. दुपारी मी इंजिन चालू केलं आणि वीस गुंठे भिजवले. वर कडबा होता, त्यामुळे ओल कुणाला दिसली नाही. तुझं घाईचं पत्र आलं तेव्हा माझ्या चपलांना अजून चिखल होता. आणि मी तुला लिहिलं, एक थेंबही न देता. वर लिहिलं, आणखी कडबा टाक.

काम बंद पडू नये म्हणून केलं, असं मी स्वतःला सांगतो. बावीस घरांचा हातपंप, बांधाची कामं, बियाणं. ते खोटं नाही. पण खरं म्हणजे मला त्या पाहुण्यांच्या तोंडून ‘वा’ ऐकायचं होतं. आयुष्यभर शेतात राबलेल्या माझ्या बापाला कुणी ‘वा’ म्हटलं नव्हतं.

मार्थाने इंजिनचा आवाज ऐकला. त्या दिवसापासून रोज जेवायच्या आधी प्रार्थना ती करते, मला कर म्हणत नाही.

परवा नाताळच्या उपासनेत लोक मला हात मिळवायला येत होते आणि मी चर्चच्या मागे जाऊन उभा राहिलो. समोर शेत. कणसं दाण्याने भरलेली.

*

पिंपळदरी
२७ डिसेंबर १९८५

प्रिय माणिकप्पा,

सलाम.

पत्र मिळालं. वाईट वाटलं. तू स्वतःला इतका दोष देऊ नकोस. जमीन जमिनीत फरक असतो. तुझी चूक आहे असं मी कधी म्हणालो नाही.

काही लागलं तर कळव.

आमोस

*

टाकळी
११ मार्च १९८६

आमोसभावजींना नीलम्माचा नमस्कार.

हे पत्र मी तुमच्या मित्राला न सांगता लिहिते. मी चौथी शिकलेली आहे, अक्षर समजून घ्या.

पाखऱ्या विकला. चारा संपला तेव्हा आधी माझ्या माहेरून आणला, मग तोही संपला. दोघांना अर्धपोटी ठेवायचं की एकाला जगवायचं, असं झालं. मागल्या आठवड्यात हे त्याला कंधारच्या बाजारात घेऊन गेले. आमच्यात बैल म्हणजे देव. आम्ही बसवण्णाला मानणारी माणसं. घेणारा कोण होता, कुठे नेणार होता, ते यांनी विचारलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "इचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं." त्या दिवसापासून हे देवळात जात नाहीत. आमच्या जंगम महाराजांनी निरोप पाठवला तरी जात नाहीत. लाल्या रात्रंदिवस दाव्याला ओढ देतो, त्याच्याकडे यांना बघवत नाही.

तरी तुमच्याबद्दल एक शब्द बोलू देत नाहीत. महादेवप्पाने पारावर म्हटलं, त्या मिशनवाल्याने तुला फसवलं. तर हे सगळ्यांसमोर उठून उभे राहिले. म्हणाले, "त्यानं न्हाई. माझ्या हातानं इस्कोट झाला. म्या नीट केलं न्हाई." सगळं पार हसलं. चाळीस वर्षं शेती केलेला माणूस सगळ्यांसमोर म्हणतो की मला पेरता येत नाही.

भावजी, मला तुमच्याकडून काही नको. फक्त तुम्ही या आणि त्यांना सांगा की त्यांची चूक नव्हती. तुम्ही शिकलेले आहात. तुम्ही सांगितलं तर ते मानतील. माझं मानत नाहीत.

नीलम्मा

*

टाकळी
७ ऑगस्ट १९८६

प्रिय आमोस,

शरणार्थ.

सात महिन्यांत तुझं पत्र नाही. मी म्हटलं, मोठा माणूस झाला. मासिक मात्र नायगावच्या पाळकांकडे बघायला मिळालं. फोटोत तू दिसतोस पण हसत नाहीस. खाली लिहिलंय, ‘पाण्याविना पिकवलेला शाळू’. मी ते पान मागून आणलं.

आता कामाचं. यंदाही पावसाचं खरं नाही. आमच्या गावातले सहा जण तुझी पद्धत करायला तयार झालेत. पहिला कोण, सांग? महादेवप्पा! मी त्यांना तो फोटो दाखवला आणि सांगितलं, बघा, पद्धत खरी आहे, मीच हयगय केली. तुम्ही थर जाड टाका, पेरणी वेळेवर करा. कडबा सगळ्यांनी बाजूला काढून ठेवलाय. शिवमूर्ती तर म्हातारा माणूस, दोन एकर आणि एक म्हैस. तोही अर्धा चारा टाकणार म्हणतो.

तेव्हा तू पेरणीआधी एकदा येऊन त्यांना नीट समजावून सांग. माझ्यावेळी जे चुकलं ते यांचं चुकायला नको. तेवढं झालं की माझ्या मनावरचा एक दगड उतरेल.

वाट बघतो.

माणिकप्पा

*

पिंपळदरी
१८ ऑगस्ट १९८६

माणिकप्पा,

त्या सहा जणांना थांबव. हे पत्र वाचून झालं की आधी उठ आणि त्यांना सांगून ये. मग पुढचं वाच.

मी खोटं बोललो. माझ्या शेताला मी दोनदा पाणी दिलं होतं. १२ नोव्हेंबरला आणि २७ नोव्हेंबरला, मिशनच्या विहिरीवरून, गाव कामावर गेलेलं बघून. तुझं पत्र आलं तेव्हा पहिलं पाणी देऊन चार दिवस झाले होते. तरी मी तुला एक थेंबही न देता असं लिहिलं आणि उरलेला कडबाही टाकायला लावला. तुझी पेरणी चार दिवस उशिरा झाली, त्याने काही बिघडलं नव्हतं. तुझा थर पातळ नव्हता. तू सगळं बरोबर केलंस. चुकीचं होतं ते मी सांगितलेलं.

हे मी डिसेंबरात लिहिलं होतं. लिहिलं आणि बायबलच्या पेटीत ठेवलं, तुला मात्र ‘जमीन जमिनीत फरक असतो’ असं लिहून पाठवलं. त्या एका वाक्याची मला शेतातल्या पाण्यापेक्षा जास्त लाज वाटते. पाणी मी घाबरून दिलं. ते वाक्य मी शांतपणे बसून लिहिलं.

नीलम्मावहिनींचं पत्र मार्चमध्ये आलं. त्यांनी माझ्याकडे एवढंच मागितलं होतं की तुझी चूक नव्हती हे येऊन सांग. मला काही खोटं सांगायला नको होतं, फक्त खरं सांगायचं होतं, आणि तेही माझ्याच्याने झालं नाही. पत्र घडी करून खिशात ठेवलं. पाच महिने ते खिशात आहे. मळलं तरी धुवायला टाकताना काढतो आणि परत ठेवतो.

पाखऱ्याचं मी तुला काय लिहू? माझ्यामुळे गेला. तू विकलास म्हणून स्वतःला देवळाबाहेर ठेवलंस, आणि मी दर रविवारी पहिल्या बाकावर बसत होतो.

काल रविवारी उपासनेनंतर मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. बावीस घरांसमोर, आणि नावं दिलेल्या आठ जणांनाही बोलावलं होतं. मग सरजाबाई, आमच्या मंडळीतली सगळ्यात वयस्क बाई, म्हणाली, "म्या दोन कोस चालून पानी आणत होते रं त्या दिसांत. आन तू रानाला पाजलास?" मी मान खाली घातली. मार्था बाकाच्या टोकाला बसली होती. ती उठून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. रागावलेलीच होती, पण आली.

संस्थेलाही लिहिलं आहे.

तू मला माफ कर असं मी म्हणत नाही. ते मागायला मला तोंड नाही. फक्त तुझ्या गावाला सांग की माणिकप्पाला पेरता येतं.

आमोस

*

टाकळी
१ सप्टेंबर १९८६

आमोस,

पत्र आल्या दिवशीच सहाही जणांना थांबवलं. कडबा परत गंजीवर गेला. शिवमूर्तीच्या म्हशीचा चारा वाचला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तुझं पत्र चावडीवर वाचून दाखवलं. सगळं वाचलं. फक्त तुझं नाव आणि गाव वाचलं नाही. महादेवप्पाने विचारलं, "कोन हाय ह्यो मानूस? त्योच का मिशनवाला?" मी म्हणालो, "वळखीचा हाय एक." त्याला कळलं असणार, पण माझ्या तोंडून निघालं नाही. का ते सांगतो. नाव घेतलं असतं तर त्यांनी आधी तुझी जात काढली असती, मग तुझा धर्म काढला असता. त्यात बैलाचं आणि शाळूचं राहून गेलं असतं. मला तुझा राग आला आहे, फार आला आहे. पण तो राग माझा आहे, गावाला वाटायला मी काढलेला नाही. तो कमी झाला की कळवतो असं लिहिणार होतो, पण आता आपल्यात खोटं कशाला.

आता मी जे लिहितो ते तुला दुखावं म्हणून लिहीत नाही. पण लिहिल्याशिवाय मला झोप येत नाही.

माझ्या विहिरीत पाणी होतं.

गेल्या वर्षी मार्गशीर्ष लागेपर्यंत पुरुषभर पाणी होतं. एकराला दोन पाणी सहज झाली असती. शेजारच्या चंद्रप्पाने त्याच्या हरभऱ्यासाठी मागितलं, मी त्याला दिलं. माझ्या मोटारीचं पाणी माझ्या शाळूच्या बाजूने पाटाने पलीकडे जात होतं आणि शाळू माना टाकून उभा होता. नीलम्मा पाटावर उभी राहून म्हणाली, "निदान चार वळी तरी भिजवा की हो." मी तिला म्हणालो, "न्हाई. आमोसनं बिनपान्याचं सांगितलंय. पानी दिलं तर त्याची पद्धत खरी का खोटी ते कसं कळंल? म्या त्याला खरं काय झालं ते कळवनार हाय."

चंद्रप्पाचा हरभरा चांगला झाला.

तुझ्या पत्रावरून मला एवढं कळलं की थर आणि दोन पाणी मिळून दुष्काळातही शाळू छातीला लागतो. आमोस, हे केवढं मोठं होतं! हे तू लिहिलं असतंस तर मी तुझ्या नावाने गावात पेढे वाटले असते. पाखऱ्या दारात असता. तुझ्या पाहुण्यांनाही हे सांगता आलं असतं. तुझ्याकडे सांगण्यासारखं खरं होतं आणि तू त्याऐवजी खोटं सांगितलंस.

मी कालपासून देवळात जायला लागलो. नीलम्माने तुला एवढंच कळवायला सांगितलं आहे.

माणिकप्पा

*

पिंपळदरी
६ सप्टेंबर १९८६

माणिकप्पा,

तुझं पत्र मी मार्थाला वाचून दाखवत होतो. ‘माझ्या विहिरीत पाणी होतं’ इथे आलो आणि पुढे वाचता येईना. पुढचं तिने वाचलं.

काय झालं तेवढं लिहितो. संस्थेने मासिकात दुरुस्ती छापायचं कळवलं आहे. माझी जागा राहील की नाही ते दिवाळीनंतर ठरेल. इथे यंदा नमुन्याचं शेत दोन तुकड्यांत करतोय, एक कोरडं आणि एक दोन पाण्यांचं. पाणी द्यायच्या दिवशी घंटा वाजवून गावाला बोलावणार आहे. सरजाबाई म्हणाली, मी स्वतः बघायला येणार, तुझा भरवसा न्हाई. तिला खुर्ची टाकून बसवणार आहे.

तू माझं नाव झाकलंस. मला माहीत आहे ते कशासाठी. पण ते झाकलेलं मला सोसत नाही. जात काढतील तर काढोत, ती मी आयुष्यभर ऐकली आहे, माझ्या बापाने जन्मभर ऐकली. तुझ्यावर हसलेल्या माणसांनी माझ्या तोंडून ऐकायला हवं. मी १६ तारखेला, मंगळवारी, दुपारच्या बसने नायगावला उतरतो. तिथून टाकळीला चालत येईन. चावडीवर उभा राहून माझं नाव, माझं गाव आणि काय केलं ते सांगेन. मग परत फिरेन. तुझ्या घरी येणार नाही. तू बोलावलंस असं कुणाला वाटू नये.

आमोस

*

टाकळी
१० सप्टेंबर १९८६

आमोस,

मंगळवारी येऊ नकोस. मंगळवारी आमच्याकडे बाजार असतो, चावडीवर चार म्हातारी माणसं सोडून कुणी नसतं. गुरुवारी, १८ला ये. गुरुवारी सगळे असतात, महादेवप्पाही असतो. मी बाजूला बसेन, मध्ये बोलणार नाही.

जेवायचं त्या वेळेला बघू.

माणिकप्पा